संमोहनाला ‘क्वांटम’चा मुलामा कशाला?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नागपुरात भरणाऱ्या मनःशक्ती शिबिरांच्या जाहिरातींत ‘क्वांटम संमोहन’ हा शब्द अलीकडे वारंवार दिसतो. निरीक्षणाने अतिसूक्ष्म कणाची अवस्था ठरते, म्हणून मनाने ठरवले की आजारही जातो, असा त्यामागचा युक्तिवाद असतो. वास्तविक पुंजभौतिकीत, म्हणजे अशा कणांच्या क्वांटम विज्ञानात, निरीक्षण म्हणजे कणाची उपकरणाशी होणारी आंतरक्रिया. त्या वेळी प्रयोगशाळेत माणूस नसला तरी काही अडत नाही.

चेतनेचा क्वांटम सिद्धान्ताशी संबंध जोडणारे सगळेच भोंदू असतात, असे मात्र मुळीच नाही. भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोज आणि भूलतज्ज्ञ स्टुअर्ट हॅमरॉफ यांनी चेतापेशींमधील सूक्ष्मनलिकांतल्या (प्रथिनांच्या अतिसूक्ष्म नळ्यांतल्या) क्वांटम घडामोडींत चेतनेचे मूळ शोधले. त्यावर भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स टेगमार्क यांनी २००० साली गणिताने असे दाखवले, की मेंदूच्या उबदार, ओलसर वातावरणात अशी नाजूक क्वांटम अवस्था सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागाहून अधिक टिकणार नाही. हा वाद मिटलेला नाही. पण पेनरोज यांचे म्हणणे उद्या खरे ठरले, तरी ती यंत्रणा प्रत्येक जाग्या माणसाच्या मेंदूत चालेल. मग एकावर संमोहनसूचनेचा चटकन परिणाम होतो आणि शेजारच्यावर होत नाही, ते का, हा कळीचा प्रश्न तसाच राहतो.

प्रतिष्ठित विज्ञानाचे नाव उसने घेण्याची ही खोड जुनीच आहे. अठराव्या शतकात मेस्मर या वैद्याने आपल्या संमोहनसदृश उपचारांना ‘प्राणिज चुंबकत्व’ म्हटले. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या आयोगाने, ज्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते, एका मुलाला डोळे बांधून बागेतल्या झाडांपाशी नेले. ‘चुंबकित’ झाड एकच होते आणि मुलगा भलत्याच झाडापाशी बेशुद्ध पडला! आयोगाने चुंबकत्व नाकारले, कल्पनाशक्तीचा प्रभाव मात्र मान्य केला. पुढे १८४३ मध्ये शल्यविशारद जेम्स ब्रेडने एकाग्रतेच्या अंगाने विवेचन केले, तेव्हा कुठे संमोहनाचा अभ्यास मार्गी लागला. वेदनेचा त्रास कमी-अधिक भासावा अशी सूचना दिल्यास मेंदूतील अग्र सिंग्युलेट या, वेदनेच्या त्रासाशी निगडित भागाची क्रिया बदलते, हे १९९७ च्या प्रयोगात दिसले आहे. संमोहनाची ही खरी मिळकत असताना त्याला उसन्या झुलीची गरज काय?

शिबिरे जरूर व्हावीत. पण जाहिरातीत मार्गदर्शकाची मानसशास्त्रातील वा वैद्यकातील पात्रता छापलेली असावी, आणि औषधे सोडायला सांगणाऱ्यांची जाहिरात आपल्या दैनिकाने तरी स्वीकारू नये, ही विनंती.

आपला,
एक वाचक,
धरमपेठ, नागपूर