आधी मजुरी पुरी द्या, मग पोस्त

महोदय,

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नोटीस लागली : ‘सभासदांनी वॉचमन, सफाईवाले, प्लंबर, इलेक्ट्रिशियन यांना परस्पर पोस्त किंवा वरचे पैसे देऊ नयेत. दर बिघडतात.’ खाली सेक्रेटरींची सही. पोस्त म्हणजे दिवाळीची बक्षिसी.

मी 34 वर्षं वायरमन होतो. लालबाग-परळच्या चाळींपासून दादरच्या हिंदू कॉलनीपर्यंत लोकांच्या घरात टेस्टर घेऊन शिरलो. आता आमच्या चाळीचा टॉवर झाला आणि बेल वाजवणारा मी दार उघडणारा झालो. तेव्हा दोन्हीकडचं थोडं सांगतो.

‘वरचे पैसे’ म्हणजे कशाच्या वरचे? मी दीडशे सांगितले की घासाघीस करून शंभरावर आणायचे आणि निघताना वीस रुपये खिशात कोंबून ‘जा, चहा घे’ म्हणायचे, अशी कितीतरी घरं होती. ते वीस माझेच. उरलेले तीस त्यांच्याकडे राहायचे आणि वर ‘थँक्यू साहेब’ मीच म्हणायचो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. गणपतीच्या आदल्या रात्री दादरच्या एका घरात मखराचं लायटिंग लावलं की फ्यूज उडत होता. माळ बदलून झाली, बोर्ड खोलून झाला. दोन तासांनी फॉल्ट सापडला तो देवघरातल्या जुन्या होल्डरमागे. वायरीवरचं कापड कुजून तांब्याला तांबं लागत होतं. जेमतेम वीतभर वायर बदलली. यजमान म्हणाले, ‘एवढ्याशा वायरीचे एवढे?’ मजुरी निम्मी केली आणि वर पाच रुपये दिले. तेही हातात नाही, उंबऱ्यावर ठेवले. मी वाकून उचलले, कारण परतीचं तिकीट काढायचं होतं.

त्याच मजल्यावर एक आजी राहायच्या. सांगितली तेवढी मजुरी मोजून द्यायच्या, एक पैसा वर नाही. पण आधी खुर्ची पुढे करायच्या आणि घरात असतील तर दडपे पोहे. त्यांचा निरोप आला की मी हातातलं काम उरकून पळायचो. माझा हेल्पर त्यांना चिक्कू म्हणायचा. तो लहान होता.

दर बिघडतात ते असे, मजुरी कापल्याने. आमचे वॉचमन एजन्सीचे आहेत. एजन्सीला दरमहा किती जातात ते सोसायटीच्या हिशेबात छापलेलं असतं. त्यातले त्या माणसाच्या हातात किती पडतात, हे मी एकदा रात्रपाळीच्या पोराला विचारलं. तो नुसता हसला आणि गेट उघडायला गेला. बारा तास उभा राहणाऱ्याला दिवाळीत शंभराची नोट दिली तर बिघडायला त्याचा दर आहे तरी केवढा?

माझे वडील गिरणीत होते, त्यामुळे बोनस आणि बक्षिसी यांतला फरक आमच्या घरात मुलांनाही कळायचा. 1924 साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी बोनससाठी संप केला, तेव्हा सरकारने नेमलेल्या समितीनेही बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क नाही असाच निर्वाळा दिला होता. देणं-न देणं मालकाच्या खुशीवर. बोनसचा कायदा आला थेट 1965 साली, आणि किमान बोनस पुढे 8.33 टक्क्यांवर गेला, म्हणजे वर्षाला एक पगार. वडिलांना 1981 च्या दिवाळीत मिळाला तो शेवटचा. जानेवारीत गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, पुढचं सगळ्यांना माहीत आहे. घरकाम करणाऱ्या बाईला मात्र बोनसचा कायदा लागत नाही. 2008 साली राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, तरी तिची दिवाळी आजही मालकिणीच्या मनावरच आहे.

सगळीकडे वर द्यावं असंही माझं म्हणणं नाही. गॅस सिलिंडरच्या बिलात घरपोच आणण्याचे पैसे धरलेले असतात, ते वेगळे मागणं चूकच. मात्र लिफ्ट बंद असताना भरलेला सिलिंडर, म्हणजे जवळपास तीस किलो, खांद्यावर घेऊन कुणी अकराव्या मजल्यावर आला तर बिलाकडे बोट दाखवायला माझी जीभ रेटत नाही. मोबाइलवरून बोलावलेला एसीवाला मुलगा तर पैसेही मागत नाही, ‘काका, पाच स्टार द्या’ म्हणतो. ते देतो, आणि पन्नास रुपये हातातही.

आमच्याकडे भांडी-लादीला येणाऱ्या मावशींना बायको पूर्वी दिवाळीत साडी द्यायची. एका वर्षी मावशीच म्हणाल्या, ‘ताई, रागावू नका, पण पाच घरच्या पाच साड्या होतात. पोराची फी साडीत नाही भरता येत.’ तेव्हापासून वसुबारसेला एक पूर्ण पगार वेगळ्या पाकिटात. खाडे कापून नाही.

हे सेक्रेटरींना सांगितलं. ते म्हणाले, घरकामवाल्यांचं ज्याचं त्याने बघावं, नोटीस सोसायटीच्या माणसांपुरती आहे. मग सोसायटीच्या माणसांचं कोण बघणार, हे मी सर्वसाधारण सभेत विचारणार आहे. तोवर नोटीस लिफ्टमध्ये आहेच. ती चिकटवायला स्टुलावर वॉचमनलाच चढवलं होतं.

– एक निवृत्त वायरमन, लालबाग, मुंबई