प्रवरेकाठून

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तू ठेवून गेलेल्या कॅमेऱ्याला कपाटात बुरशी धरेल म्हणून बाहेर काढला आणि कोजागिरीनंतरच्या रविवारी भंडारदऱ्याला गेलो. आई म्हणाली, ‘पाय घसरला तर मला फोन करू नका.’

रंधा धबधब्याच्या कठड्याशी न थांबता वरच्या अंगाला गेलो. तिथे प्रवरा लहान लहान पायऱ्यांवरून उतरते. श्रावणात गढूळ असणारी हीच नदी आता इतकी नितळ, की तळातले गोटे मोजावेत. तुला हवी असतात तशी तांबडी पानं मात्र नाहीत. आपल्याकडे पानगळ शिशिरातली. शरदात पिवळी सोनकी आणि वाळायला लागलेलं गवत.

ऊन पाण्यावर आलं की पांढऱ्यात काही उरत नाही, म्हणून उजाडताच लागलो. पहिले आठ-दहा फोटो हलले. ट्रायपॉड असूनही बटण बोटानेच दाबत होतो, दोन सेकंदांचा टायमर नंतर आठवला. सेन्सरची संवेदनशीलता आयएसओ १००, लेन्सचं भोक एफ ११, शटर उघडं राहायची वेळ १/१५ सेकंद. तुझा सहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड चौसष्टपट कमी करणारी ती काळी काच, लावल्यावर ती वेळ चार सेकंदांवर गेली. पाणी वाहतंय की कुणी चादर वाळत घातलीय, कळेना! तुम्हा पोरांना आवडतो असला फोटो, मला नाही. तो काढून नुसता पोलरायझर फिल्टर लावला, तोही थोडा उजेड अडवतोच. तो फिरवला तशी ओल्या दगडावरची चकाकी गेली आणि शेवाळाचा हिरवा रंग वर आला. पाव सेकंदात धारा मऊही झाल्या आणि सुट्याही राहिल्या. हाच फोटो मोठा करून घेणार आहे.

एका ठिकाणी मात्र तुझं खरं. खालच्या डोहात फेसाचे पुंजके गोल फिरत होते. दोन्ही फिल्टर एकावर एक चढवून सोळा सेकंद दिले, तर जात्याभोवती पीठ सांडावं तशी वर्तुळं उमटली. डोळ्यांना ती दिसतच नव्हती रे!

तू गेलास तर धबधब्याखाली उतरू नकोस. वर १९२६ सालचं धरण आहे, पाणी सोडलं की नदी बघता बघता चढते. आवाज वाढला की ट्रायपॉड तिथेच टाकून वर यायचं. ट्रायपॉड नवा मिळतो.

एनडीच्या कडेला चरा आहे. तो माझा नाही, आधीचाच आहे. दिवाळीला येताना लेन्स पुसायचा कपडा आण, तुषारांनी माझा रुमाल भिजून गेला.

तुझा,
बाबा