सिगारेट सोडलेल्या मित्रास पत्र

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. सिगारेट सोडल्याला तिसरा आठवडा चालू आहे, सुरुवातीची डोकेदुखी आणि चिडचिड बरीच उतरली आहे, झोपही पूर्ववत लागू लागली आहे, आणि तरीसुद्धा संध्याकाळी पाळी संपवून कुपवाडच्या एमआयडीसीतून बाहेर पडताना कोपऱ्यावरची टपरी दिसली की तलफ पहिल्या दिवसाइतक्याच जोराने उठते, असे तू लिहिले आहेस. शरीराची सवय सुटली म्हणतात, मग ही ओढ येते कुठून, आणि ती जन्मभर अशीच राहणार का, हे तुझे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मी स्वतः या दिवसांतून गेलो आहे आणि त्या काळात मिळेल ते वाचून, डॉक्टरांना विचारून हे सर्व समजून घेतले आहे. म्हणून फोनवर चार शब्दांत न उरकता सविस्तर लिहितो.

तंबाखूतील निकोटीन झुरक्याबरोबर फुप्फुसात जाते आणि अवघ्या दहा ते वीस सेकंदांत मेंदूत पोहोचते. तिथे डोपामीन हे सुखाची जाणीव देणारे रसायन स्रवते आणि क्षणभर बरे वाटते. रक्तातील निकोटीनचे प्रमाण मात्र सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते, त्यामुळे ओढणाऱ्याला थोड्या थोड्या वेळाने पुन्हा बेचैनी जाणवते. ती बेचैनी सिगारेटनेच निर्माण केलेली असते, पुढची सिगारेट ती तात्पुरती शमवते, आणि आपण मात्र वर्षानुवर्षे समजत राहतो की सिगारेटमुळे कामाचा ताण हलका होतो. सोडल्यानंतर दोन-तीन दिवसांत निकोटीन शरीरातून जवळजवळ निघून जाते. त्याच्या अभावाचा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो आणि बहुतेकांच्या बाबतीत दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. हा भाग तू जवळपास पार केला आहेस.

टपरीसमोर जे घडते ते निराळे आहे. तू दिवसाला दहा सिगारेटी ओढत होतास. एका सिगारेटीचे दहाच झुरके धरले तरी दिवसाला १००, वर्षाला ३६,५०० आणि वीस वर्षांत ७ लाखांहून अधिक झुरके होतात. यातील प्रत्येक झुरका कशाच्या तरी सोबतीने घेतलेला होता. कधी चहा, कधी जेवणानंतरची शतपावली, कधी पाळी संपल्याचा भोंगा, कधी साहेबांशी झालेली खडाजंगी. मेंदूने त्या वेळेची, त्या जागेची आणि निकोटीनची सांगड लाखो वेळा घातली आहे, आणि म्हणून आता नुसती जागा दिसली तरी निकोटीनची अपेक्षा आपोआप जागी होते. ही सांगड केवळ दिवस उलटल्याने सुटत नाही. त्या त्या जागी, त्या त्या वेळी सिगारेटीशिवाय राहिल्यानेच ती सैल होत जाते, आणि तुझ्या पत्राला माझे मुख्य उत्तर हेच आहे.

याचा अर्थ नीट ध्यानात घे. घरी रात्रीच्या जेवणानंतरची तलफ आता सौम्य झाली असेल, कारण जेवण रोज होते आणि तीन आठवड्यांत तू त्या वेळेवर बरीच मजल मारली आहेस. परंतु वर्षातून एखाद्याच वेळी येणारे प्रसंग अजून यायचे आहेत. वळवाचा पहिला पाऊस, आंबा घाटात गाडी थांबवून प्यायलेला चहा, विसर्जन मिरवणुकीतील जागरण, कुणाला तरी स्मशानात पोहोचवून परतताना सगळेच गप्प असतात ती वेळ, यातील प्रत्येक प्रसंग तुला एकदा तरी सिगारेटीवाचून पार पाडावा लागेल आणि तोपर्यंत त्या प्रसंगाची तलफ ताजीच राहील. सहा महिन्यांनी किंवा वर्षभराने ती अचानक उसळली, तर आपली एवढी मेहनत वाया गेली असे कृपा करून समजू नकोस. आजवर न भेटलेला एक प्रसंग समोर आला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

माझ्या बाबतीत असा सर्वांत अवघड प्रसंग वडिलांच्या आजारपणात आला. त्यांना अतिदक्षता विभागात ठेवले होते आणि रात्री उशिरा मी रुग्णालयाच्या मागच्या पायऱ्यांवर बसलो होतो. सिगारेट सोडून तेव्हा बराच काळ लोटला होता आणि मला तिची आठवणही येत नव्हती. दोन पायऱ्या खाली बसलेल्या एका गृहस्थांनी काडी ओढली. गंधकाचा तो तिखट वास, मागोमाग तंबाखू पेटल्याचा गोडसर वास नाकाशी आला आणि माझा उजवा हात शर्टाच्या वरच्या खिशाकडे आपोआप गेला. खिशात औषधांची चिठ्ठी होती. जिभेच्या मुळाशी पाणी सुटले, घसा आवळला, छातीच्या वरच्या भागात काहीतरी ओढल्यासारखे झाले, आणि ‘त्यांच्याकडे एक माग, ते नाही म्हणणार नाहीत’ हे वाक्य मनात अगदी स्पष्ट उमटले. मी उठलो नाही. घशात काय होते आहे, छातीत काय होते आहे, एवढेच लक्ष देऊन पाहत राहिलो आणि मनगटावरच्या घड्याळावर नजर ठेवली. तिसऱ्या मिनिटाला ओढ सर्वाधिक होती, चौथ्याला तेवढीच राहिली, पाचवे संपता संपता घसा मोकळा झाला आणि वडिलांना सकाळी कोणती तपासणी करायची आहे याचा विचार पुन्हा सुरू झाला.

तलफ साधारणपणे अशी काही मिनिटांचीच असते, आणि सिगारेट ओढली नाही तरीही ती जाते, हे ज्याने एकदा अनुभवले त्याच्या हाती मोठे बळ येते. अ‍ॅलन मार्लॅट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी व्यसनमुक्तीच्या उपचारात हेच शिकवले. तलफ ही समुद्राच्या लाटेसारखी असते, ती उठते, उंच होते आणि फुटते; तिला अडवायला जाऊ नये, ती ओसरेपर्यंत तिच्यावर तरंगत राहावे, असे त्यांचे सांगणे होते. मला ते पटते, कारण ‘विचारच करायचा नाही’ असे स्वतःला बजावले की तोच विचार डोक्यात घर करून बसतो. तेव्हा टपरीजवळ आलास की मान फिरवून पळू नकोस. पहिले काही आठवडे दुसऱ्या रस्त्याने गेलास तर त्यात कमीपणा नाही, ते शहाणपणाचेच आहे. परंतु पुढे कधीतरी त्याच रस्त्याने चालत जा, घड्याळ पाहा आणि शरीरात काय होते ते शांतपणे न्याहाळ.

चहाबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. सिगारेटच्या धुरातील काही घटकांमुळे यकृत चहातील कॅफिनचा निचरा अधिक वेगाने करते. धूर थांबला की हा वेग मंदावतो आणि पूर्वीइतकाच चहा घेतला तरी रक्तातील कॅफिन पूर्वीपेक्षा बरेच वाढते. छातीत धडधड, हातांना सूक्ष्म कंप, कारण नसताना येणारी अस्वस्थता हे त्याचे परिणाम, आणि नुकतीच सिगारेट सोडलेला माणूस त्यालाच तलफ समजतो. तू पाळीवर पाच-सहा वेळा चहा घेतोस. तो काही काळ निम्म्यावर आण, निदान संध्याकाळचा तरी बंद कर. खोकला वाढला आहे असे वहिनींनी फोनवर सांगितले. श्वासनलिकेतील सूक्ष्म रोम पुन्हा काम करू लागले की साचलेला कफ बाहेर पडतो आणि काही आठवडे असे होऊ शकते. तो लांबला किंवा कफात रक्त दिसले तर मात्र लगेच छाती तपासून घे.

निकोटीनच्या गमबद्दल तू नाखूश दिसतोस. एक व्यसन सोडून दुसरे कशाला, असे तू विचारले आहेस. सवय लागते ती निकोटीनची हे खरे, पण कर्करोग आणि हृदयविकार होतो तो मुख्यतः धुरातील डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि इतर विषारी द्रव्यांमुळे. गममध्ये धूर नाही, आणि त्यातील निकोटीन सावकाश रक्तात उतरत असल्यामुळे सिगारेटसारखा झटकाही बसत नाही. २ मिलिग्रॅमची गम आपल्याकडे औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असे अशांना सहसा ४ मिलिग्रॅमची सुचवतात, आणि तुझे तसेच होते, म्हणून डॉक्टरांना विचार. ती एरवीच्या च्युइंगमसारखी सतत चावायची नसते. तोंडात झिणझिणी येईपर्यंत सावकाश चावावी, मग गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यावी, झिणझिणी गेली की पुन्हा थोडी चावावी, असे अर्धा तास करायचे. त्याआधी पंधरा मिनिटे आणि ती तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबू सरबत काही घ्यायचे नाही, कारण आंबट तोंडात निकोटीन शोषले जात नाही. ‘गमने काही होत नाही’ असे सांगणाऱ्यांपैकी अनेकांनी ती भराभर चावून रस गिळलेला असतो, मग उचकी लागते, पोटात जळजळते आणि गम फेकली जाते. याखेरीज व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन ही औषधेही आहेत, परंतु ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्रमांक विनाशुल्क आहे. तिथे प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, आणि एखाद्या संध्याकाळी माझा फोन लागला नाही तर तू तिथे फोन करावास अशी माझी मनापासून इच्छा आहे.

एका बाबतीत मात्र मी कठोरपणे सांगणार आहे. तोंडात काहीतरी हवे म्हणून सुपारी किंवा मावा सुरू करू नकोस. आपल्या भागात सिगारेट सोडून माव्याकडे वळलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि तेव्हा घरच्यांना वाटते की धूर गेला म्हणजे संकट टळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविरहित सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे. बडीशेप, लवंग, ज्येष्ठमध, आवळकाठी यांपैकी जे आवडेल ते खिशात ठेव.

‘एकच ओढून पाहू’ हा विचार तुला आज येत नसेल, पण येईल, आणि तो पहिल्या आठवड्यातल्या तलफेपेक्षा मला अधिक धोक्याचा वाटतो. आमच्या कार्यालयातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सिगारेट सोडली, कित्येक महिने उत्तम निभावले, आणि एका निरोप समारंभानंतर आता आपल्याला काही होणार नाही या विश्वासाने एक सिगारेट मागून घेतली. ती त्यांना आवडलीसुद्धा नाही. दोन दिवसांनी दुसरी, आठवड्याने पाकीट, आणि महिन्याभरात पूर्वीचेच प्रमाण. महाराष्ट्रात सुट्या सिगारेटी विकण्यावर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, तरी टपरीवर एक सिगारेट सहज हातात पडते, आणि पाकीट विकत घ्यायला जो हात कचरतो तो एका सिगारेटीला कचरत नाही. म्हणून एकही नाही, हा नियम सोपा आहे, कारण त्यात प्रत्येक वेळी नव्याने निर्णय घ्यावा लागत नाही. तरीही कधी पाऊल घसरलेच, तर ‘आता सगळे गेलेच’ असे मानून उरलेले पाकीट संपवू नकोस. ते त्याच क्षणी पाण्याखाली धरून फेकून दे आणि मला कळव. आमच्या त्या सहकाऱ्यांना बुडवले ते पहिल्या सिगारेटीने कमी आणि पुढच्या दोन दिवसांतल्या हताशेने जास्त, असे माझे मत आहे.

आता या वयात सोडून काय मिळणार, असेही तू शेवटी लिहिले आहेस. मित्रा, ते वाचून मला वाईट वाटले. ब्रिटनमधील रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून तिथल्या हजारो डॉक्टरांच्या धूम्रपानाची आणि मृत्यूंची नोंद पन्नास वर्षे ठेवली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार जन्मभर ओढणारे सरासरी दहा वर्षे आधी जातात. साठाव्या वर्षी सोडणाऱ्याला त्यातील सुमारे तीन वर्षे परत मिळतात, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ. डॉल स्वतः ओढत असत आणि आपल्याच सुरुवातीच्या संशोधनात काय दिसते आहे हे पाहून त्यांनी सिगारेट सोडली. आपण पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहोत. ही सरासरी आहे, तुझी हमी नव्हे, हे मला कळते. पण सहा वर्षे म्हणजे धाकटीचे शिक्षण पूर्ण होऊन ती पायावर उभी राहिलेली पाहणे, आणि तेही दम न लागता जिना चढून.

पुतण्याच्या लग्नाची पत्रिका मिळाली. हळदीच्या रात्रीचे जागरण आणि दुसऱ्या दिवशी पंगत उठल्यावर मांडवामागे जमणारी मंडळी, या दोन्ही वेळा तुला जड जातील, तेव्हा त्यांची तयारी आताच करून ठेवू. तुझे थोरले मेहुणे आग्रहाने पाकीट पुढे करतील. त्यांना ‘सोडायचा प्रयत्न करतो आहे’ असे सांगू नकोस, कारण त्यावर आग्रह वाढतो. ‘मी ओढत नाही’ एवढेच सांगून वाढपाला मदत करायला निघून जा. गम जवळ ठेव आणि जेवणाआधी कुठे ठेवली आहे ते मला दाखव. वहिनींनाही सांगून ठेव की त्या दोन दिवसांत तू तुटक बोललास तर त्यांनी मनाला लावून घेऊ नये.

मी आदल्या दिवशी कोयना एक्सप्रेसने निघून संध्याकाळी सांगलीला उतरेन. स्टेशनवर तू येशील की मी रिक्षाने घरी यावे, तेवढे कळव. आईंना माझा साष्टांग नमस्कार सांग, वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र