कोलोरॅडोच्या काठाकाठानं

यूमा, ॲरिझोना
14 जुलै

ती. आई आणि दादांस,
साष्टांग नमस्कार. आबांना आणि आज्जीला माझा नमस्कार सांगा.

फोनवर रोज बोलणं होतं, पण ‘जेवलीस का’ आणि ‘गाडी सावकाश चालव’ यातच निम्मा वेळ जातो. मला जे सांगायचंय ते जरा लांबट आहे आणि त्यात एक निर्णयही आहे, म्हणून लिहून पाठवते. बाळूनं याची प्रिंट काढून आबांना मोठ्यानं वाचून दाखवावी. बाळू, टीएमसीचे, म्हणजे अब्ज घनफुटांचे, आकडे आले की थांबून वाच. आबांना ते लागतात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एकटी गाडी घेऊन फिरायला गेलेय, एवढंच तुम्हाला माहीत आहे. ते खरंच, पण निघण्याआधीच माझं नेमकं ठरलं होतं. कोलोरॅडो नदी जिथं उगम पावते तिथून जिथं संपते तिथपर्यंत तिच्या काठानं जायचं. वहीच्या पहिल्या पानावर दोनच गोष्टी लिहिल्या होत्या. सगळा रस्ता एकटीनं, स्वतः गाडी चालवत पार करायचा. आणि नदी संपेपर्यंत पुढच्या वर्षांचं काय ते ठरवून घरी कळवायचं. पहिली पूर्ण झाली. दुसरीसाठी हे पत्र.

आई, तुझी काळजी आधी मिटवते. गाडी जुनी असली तरी निघण्यापूर्वी टायर, ब्रेक, कूलंट सगळं तपासून घेतलं होतं. डिकीत वीस लिटर पाण्याचा कॅन कायम भरलेला. वाळवंटात टाकी अर्ध्यावर आली की पंप दिसेल तिथं भरायची, आणि दिवे लागायच्या आत मुक्कामाला पोहोचायचं. रूममेटला माझं लोकेशन सतत दिसत होतं. रात्री कधी कॅम्पग्राउंडवर तंबू, कधी साधं मोटेल. तू पाठवलेली शेंगदाण्याची चटणी काल संपली. इथल्या कोरड्या हवेत ती शेवटपर्यंत खमंग राहिली.

आता नदीची गोष्ट. मी शिकते ते फोर्ट कॉलिन्स रॉकी पर्वताच्या पूर्वेला आहे आणि कोलोरॅडो उगम पावते पश्चिमेला. मधल्या रांगेवरून ट्रेल रिज रोड जातो, तो 12,183 फुटांपर्यंत चढतो. जुलैमध्येही कडेला बर्फ होता. पलीकडे कावूनीची नावाच्या दरीत उतरलं की नदी दिसते, आणि ती इतकी लहान की उड्या टाकत ओलांडावी. पण माझी नजर वर डोंगरावर गेली. उतारावर एक सरळ आडवी रेघ कोरलेली दिसते. तो ग्रँड डिच, म्हणजे पाट. 1890 मध्ये खणायला घेतलेला. डोंगरावरून नदीकडे येणारं वितळलेलं बर्फाचं पाणी हा पाट मध्येच अडवतो आणि खिंडीतून पूर्वेकडच्या शेतांना नेतो. नदी नीट नदी व्हायच्या आधीच तिचं पाणी दुसऱ्याच्या नावावर झालेलं असतं. पुढे ग्रँड लेकपासून पर्वताच्या पोटातून 21 किलोमीटरचा बोगदा आहे, त्यातूनही पाणी पूर्वेला येतं. माझ्या खोलीतल्या नळाला येणाऱ्या पाण्यात त्या बोगद्याचं पाणी असतं. शिकताना हे नकाशावर पाहिलं होतं, पण तिथं उभं राहिल्यावर टेंभू योजनेची आठवण आली. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून आपल्या आटपाडीला आलं तेव्हा आपण गुलाल उधळला होता. ज्या बाजूनं पाणी गेलं त्या बाजूला उभी राहायची ही माझी पहिलीच वेळ.

दादा, पॅलिसेड नावाचं गाव तुम्हाला दाखवायला हवं होतं. पाऊस आटपाडीपेक्षाही कमी, चहूकडे उघडे डोंगर, आणि कालव्याच्या खालच्या अंगाला मैलोन्‌मैल पीचच्या बागा. कालव्याच्या वर एक पानही हिरवं नाही. डाळिंबासारखंच इथंही फळाची विरळणी हातानं करतात. एका बागेत मालकीणबाईंनी झाडाखाली नेऊन दाखवलं: फांदीवर वीतभर अंतर ठेवून एकेक फळ, बाकीची कोवळी असतानाच काढलेली. मी सांगितलं की आमच्याकडे डाळिंबाला ताण देऊन बहार धरतात, तर त्या वही आणून लिहून घ्यायला लागल्या. किती दिवस पाणी तोडता, पानगळ कशी करता, सगळं विचारलं. तुमच्याकडून ऐकलेलं सगळं सांगितलं.

त्याच बागेत मला इथला पाण्याचा कायदा खऱ्या अर्थानं कळला. पश्चिमेकडच्या राज्यांत नियम असा की ज्यानं आधी पाणी उचललं त्याचा हक्क आधीचा. टंचाई आली तर सगळ्यांचं थोडं थोडं कमी होत नाही. जुन्या तारखेवाल्याला पूर्ण मिळतं आणि नव्याचं बंद होतं. आबा, तुम्हाला हे ऐकून राग येईल, मला ठाऊक आहे. नागनाथअण्णा नायकवडींच्या पाणी परिषदेला तुम्ही मला खांद्यावर बसवून नेलं होतं. पाणी जमिनीच्या मापानं वाटायचं नाही, घरटी वाटायचं आणि भूमिहीनालाही वाटा द्यायचा, हे मी तिथं ऐकलं तेव्हा मला ते जगातलं सगळ्यात सरळ गणित वाटलं होतं. येरळेवर लोकांनी उभं केलेलं बळीराजा धरणही त्याच विचाराचं. इथल्या वर्गात मी समन्यायी वाटप समजावून सांगितलं तेव्हा प्राध्यापकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच विचारले.

मोआब, कॅनियनलँड्स यांचे फोटो ग्रुपवर टाकलेत, त्याबद्दल लिहीत बसत नाही. पुढे पेज गावाला ग्लेन कॅनियन धरण लागलं. उंची 710 फूट, पाणी अडवायला सुरुवात 1963 मध्ये. तलावाच्या लाल कड्यांवर पाण्याच्या जुन्या पातळीचा पांढरा पट्टा आहे, आजच्या पाण्यापासून कितीतरी उंच. आपल्या विहिरीच्या दगडांवर असतो तसाच.

तिथून जवळच लीज फेरी. सगळ्या प्रवासात मला या जागेची ओढ होती. दिसायला काहीच नाही: एक घाट, होड्या लावायची जागा, थंडगार हिरवं पाणी. पण 1922 मध्ये सात राज्यांनी नदी वाटून घेतली तेव्हा वरचं खोरं आणि खालचं खोरं यांची हद्द याच ठिकाणाजवळ ठरली. दोघांना वर्षाला प्रत्येकी 75 लाख एकर-फूट, म्हणजे साधारण 327 टीएमसी. 1944 च्या तहानं मेक्सिकोला आणखी 15 लाख एकर-फूट. सगळं मिळून 719 टीएमसीच्या घरात. आणि या शतकात नदीला सरासरी येणारं पाणी साडेपाचशेच्या आतबाहेर! वाटणी करताना हाताशी होती ती नेमकी जास्त पावसाच्या वर्षांची मोजणी. बछावत लवादानं कृष्णेचं वाटप 75 टक्के विश्वासार्हतेनं केलं, म्हणजे चारपैकी तीन वर्षं तरी मिळेल एवढंच, 2060 टीएमसी, पाणी धरून त्यातले 560 महाराष्ट्राला दिले. आपण त्या निवाड्याला कितीही नावं ठेवली तरी हिशेबाची ही रीत शहाणपणाची होती. इथं नदीत नसलेलं पाणी कागदावर वाटलं गेलं, आणि त्या कागदाच्या भरवशावर शहरं उभी राहिली.

1922 च्या त्या बैठकीत नदीकाठचे मूळ रहिवासी नव्हतेच. आज खोऱ्यात त्यांच्या 30 जमाती आहेत. लीज फेरीहून दक्षिणेला गेलं की नवाहो लोकांचा मुलूख लागतो, आणि तिथल्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याच्या घरांत नळ नाही. एका पाणी भरायच्या जागी मी थांबले. एक आजी पिकअपवरच्या प्लास्टिकच्या टाकीत पाणी भरत होत्या. मखमली झगा, गळ्यात पिरोजाची माळ, आणि हाताला घट्टे. पाइप टाकीच्या तोंडातून निसटू नये म्हणून त्यांनी त्याला फडकं गुंडाळून सुतळीनं बांधलं होतं. मी पाइप धरला, तशा त्या गाडीच्या मागच्या फळीवर बसल्या आणि माझी चौकशी केली. मी म्हटलं, माझ्या लहानपणी आमच्या वाडीत उन्हाळ्यात टँकर यायचा, माझी आज्जी कळशी घेऊन रांगेत असायची. त्यांनी विचारलं, ‘आता?’ मी म्हटलं, आता पाणी आलंय, पण सगळ्यांना पुरत नाही. त्यांनी मान डोलावली. निघताना त्यांनी मला भाजलेल्या मक्याची पुडी दिली. 2023 मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की नवाहोंना पाणी मिळवून देण्यासाठी पुढाकार घ्यायला सरकार बांधील नाही. तो निकाल आम्हाला अभ्यासाला होता. त्या आजींना भेटल्यावर तो माझ्यासाठी नुसता अभ्यास राहिला नाही.

ग्रँड कॅनियन. आज्जी, तिथल्या कड्यांना अमेरिकन भूगर्भवाल्यांनी विष्णू, ब्रह्मा, शिव यांच्या देवळांची नावं दिलीत, आणि तळाच्या खडकालाही विष्णूचं नाव आहे. तो खडक सुमारे 170 कोटी वर्षांचा. सगळ्यात वरचा चुनखडक 27 कोटी वर्षांचा. आपल्या माणदेशाचा काळा पत्थर जेमतेम साडेसहा कोटींचा, म्हणजे इथल्या सगळ्यात नव्या थरापेक्षाही कितीतरी लहान. मी तिथं कड्यावर पहाटे उठून बसले होते. तुझी फार आठवण आली. तुला पंढरपूरच्या पलीकडं कुणी नेलं नाही. परत आले की आपण दोघी आधी काशीला जायचं, हे आत्ताच सांगून ठेवते.

हूवर धरण पाहिलं, 1935 चं. त्यामागचा मीड तलाव पूर्ण भरला तर आपल्या कोयनेच्या दहापट पाणी मावतं, पण 2022 मध्ये तो पहिल्यांदा भरल्यापासूनच्या सर्वांत खालच्या पातळीला गेला होता. त्याच्या आधीच्या वर्षी पहिल्यांदाच टंचाई जाहीर झाली, आणि फटका कुणाला बसला? ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांना. फिनिक्स, टूसॉनकडे पाणी नेणारा 336 मैलांचा कालवा आहे, 2,900 फूट उचलून पाणी नेतो, पण त्याचा हक्क कॅलिफोर्नियाच्या मागे. शेवटी आलेल्याचं आधी बंद. टेंभूच्या शेवटच्या टोकाच्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आज सकाळी यूमाच्या पश्चिमेला बांधावर जाऊन आले. मोरेलोस बंधाऱ्यापाशी उरलेलं पाणी मेक्सिकोच्या कालव्यात वळतं. खाली पात्रात वाळू आणि झुडपं. 2014 च्या वसंतात मुद्दाम पाणी सोडलं तेव्हा नदी थोडे दिवस समुद्राला मिळाली होती, एरवी सहसा पोहोचत नाही. मी तिथं तासभर उभी होते, आणि मला जे ठरवायचं होतं ते ठरलं.

डिसेंबरात पदवी मिळेल. त्यानंतर इथं तीन वर्षं काम करायची परवानगी मिळू शकते, एक वर्षाची आणि त्यावर दोनची वाढ. ती तीन वर्षं मी भूजलाचंच काम करणार, मिळेल त्या शहरात, आणि बँकेचं शैक्षणिक कर्ज पूर्ण फेडणार. दादा, जमीन तारण आहे, ती आधी मोकळी करायची. मग मी परत येणार. पुण्या-मुंबईला नाही, आटपाडीला. आपल्या भागात पाणी आलं, तसे बोअरही खोल गेले. कालव्याचं पाणी किती आलं ते सगळे मोजतात, जमिनीतलं किती गेलं ते वाडीत कुणी मोजत नाही. मला आपल्या पाणलोटातली प्रत्येक विहीर आणि बोअर मोजायचीय, आणि तो हिशेब ग्रामसभेपुढे मांडायचाय. आबा ज्या वाटपासाठी भांडले, त्याला मोजणीचा आधार द्यायचाय. पगार कमी असेल, मला कल्पना आहे. मामा म्हणतील, मग अमेरिकेला कशाला गेली? तर हे शिकायलाच आले होते.

आई, स्थळांचं एवढंच: तोपर्यंत थांबा. कुणाला शब्द देऊ नका. मला लग्न नको असं नाही, पण माझ्याबरोबर आटपाडीला राहायला तयार असणारा माणूस हवा, आणि तो मी तुमच्याशी बोलून ठरवीन. हे फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस आणि मला पुढं बोलता आलं नसतं. आता वाचून झाल्यावर शांतपणे मला कळव.

दादा, एक काम आजपासून करा. दर अमावास्येला सकाळी, मोटर चालू करण्याआधी, विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंत टेपनं अंतर मोजा. काठावर एक जागा रंगानं खूण करून ठेवा आणि दर वेळी तिथूनच मोजा. तारीख, अंतर, आदल्या दिवशी मोटर किती तास चालली आणि त्या महिन्यात पाऊस किती, हे वहीत लिहा. बाळूनं पानाचा फोटो मला पाठवायचा. शेजारच्या तात्यांनाही सांगून बघा. दोन विहिरी झाल्या तर फार बरं.

उद्या पहाटे परत निघतेय, उन्हाच्या आधी. पोहोचले की फोन करते.

तुमची,
रूपा

ता. क. चटणी पुन्हा पाठवणार असाल तर तिखट थोडं जास्त घाला. पॅलिसेडच्या त्या बाईंनाही द्यायचीय.