नानछांगहून आल्यावर

शेनझेन, चीन

ती. आई-बाबांना सा. न.

जोडून सुट्ट्या आल्या म्हणून ऑफिसमधल्या मैत्रिणीबरोबर तिच्या गावी, नानछांगला जाऊन आले. फोनवर बाबा मधे मधे प्रश्न विचारतात आणि सांगणं अर्धंच राहतं, म्हणून हे पत्र.

गान नदीच्या काठावर थंगवांग-ग नावाचा मोठा मनोरेवजा मंडप आहे. बाबा, तुमचा पहिला प्रश्न मला पाठ आहे: ‘त्यात मूळचं किती उरलंय?’ काहीही नाही! थांग राजवंशाच्या सम्राट थाइझोंगचा धाकटा भाऊ ली युआनयिंग इथे अधिकारी होता, त्याने 653 मध्ये तो बांधला. पुढे कधी आगीत, कधी लढाईत तो जातच राहिला. 1926 च्या लढाईत जळाला तो शेवटचा. आत्ताचा मंडप 29 वा म्हणतात, 1989 मध्ये खुला झालेला. साडेसत्तावन्न मीटर उंच, आणि चक्क काँक्रीटचा. हिरवी कौलं, लाल खांब, छपराखालचे रंगवलेले तोडे, सगळं जुन्या सुंग राजवंशाच्या धाटणीचं. ल्यांग सछंग या वास्तुतज्ज्ञाने 1942 मध्ये काढलेल्या आराखड्यांचा त्याला आधार आहे. मला आधी ते जरा चकचकीतच वाटलं. भाड्याचे जुने पोशाख घालून फोटो काढणाऱ्या मुलींची ही गर्दी.

पण दारातच एक गंमत पाहिली. वांग बो नावाच्या तरुण कवीने 675 च्या सुमाराला इथल्या मेजवानीत, तिथे रचलेल्या कवितांसाठी एक प्रस्तावना लिहिली. सातशेहून जास्त अक्षरांची ती प्रस्तावना जो न अडखळता म्हणून दाखवेल, त्याला तिकीट माफ. एक दहा-बारा वर्षांचा मुलगा डोळे मिटून घडाघडा म्हणत होता. मधेच अडला, तर मागे उभ्या आईचे ओठ हलायला लागले. आई, दिवेलागणीला रामरक्षा म्हणताना तू आमच्यावर अशीच नजर ठेवायचीस. माझ्या मैत्रिणीलाही ती शाळेपासून येते, पण तिने मुकाट्याने तिकीट काढलं. अडखळले तर गावात नाक कापलं जाईल म्हणे.

मेजवानीची गोष्टही झकास आहे. यजमान अधिकाऱ्याने आपल्या जावयाकडून मजकूर आधीच तयार करून घेतला होता, असं सांगतात. रीत म्हणून त्याने लिहायचा कुंचला एकेका पाहुण्यापुढे धरला. सगळ्यांनी ओळखून ‘नको नको’ म्हटलं, वांग बोने मात्र घेतला! यजमान रागाने उठून गेला, पण ‘सांजरंग आणि एकटं रानबदक बरोबरच उडताहेत, शरदाचं पाणी आणि लांबवर पसरलेलं आकाश एकाच रंगाचं’ ही ओळ कानावर आली तेव्हा निवळला. पाचव्या मजल्यावर तांब्याच्या पत्र्यावर सू शी या सुंग काळातल्या कवीच्या हस्ताक्षरात सगळी प्रस्तावना कोरली आहे. बाबा, हान यूसारख्या मोठ्या लेखकाने 820 मध्ये या मंडपावर लेख लिहिला, आणि आपण तिथे कधी गेलो नाही हे त्यातच सांगून टाकलं.

वांग बो खरं तर वडिलांना भेटायला निघाला होता. त्याच्याच गुन्ह्यापायी वडिलांची बदली पार दक्षिणेला, आजच्या व्हिएतनामच्या उत्तर भागात झाली होती. पदप्रतिष्ठा सोडून हजारो कोसांवर वडिलांची सकाळ-संध्याकाळ सेवा करायला चाललोय, असं त्याने प्रस्तावनेतच लिहिलंय. त्याच प्रवासात तो समुद्रात बुडून गेला. तिशीही गाठली नव्हती. मैत्रिणीने हे सांगितलं तेव्हा मी बराच वेळ कठड्याशीच उभी होते.

खाण्याचं म्हणाल तर नानछांगचे लोक तिखटात आपल्याला हार जाणार नाहीत. सकाळी तांदळाच्या शेवया लाल मिरचीत कालवून देतात. सोबत मातीच्या लहान गाडग्यातलं सूप. माणूसभर उंचीच्या रांजणात ही गाडगी उतरंडीसारखी रचतात आणि तळाच्या निखाऱ्यांवर रात्रभर शिजू देतात. आई, शाकाहारी गाडगं मिळतं का ते विचारून ठेवते.

पायऱ्या बऱ्याच आहेत, तेव्हा बाबांनी गुडघ्याचे व्यायाम चुकवायचे नाहीत. पासपोर्टचं काम कुठवर आलं ते कळवा, म्हणजे ऑक्टोबरची रजा आत्ताच टाकते.

तुमची,
मनू