कॅमेरेवाल्या काकांना, सगळ्यांसमोर

काका, नमस्कार.

फोनवर तुम्ही आभाराचं काही ऐकूनच घेत नाही, लगेच "पाऊस हाय का तिकडं" वर येता, म्हणून इथे लिहितेय. तुमची नात वाचून दाखवेल तुम्हाला, तिला सांगून ठेवलंय.

बाकीच्यांसाठी आधी थोडं सांगते. काकांनी कोल्हापुरात जन्मभर कॅमेरे दुरुस्त केले. आसपासच्या गावांतले लग्नाचे फोटो काढणारे फोटोग्राफर त्यांच्याकडेच यायचे, सीझन सुरू व्हायच्या आधी काउंटरवर याशिका या जपानी कंपनीच्या कॅमेऱ्यांची रांग लागलेली असायची म्हणे. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवला, ज्या गावात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, त्या गावातसुद्धा डिजिटल आल्यावर कॅमेरा मेकॅनिक एकेक करून दुकानं बंद करून बसले, आणि त्यांच्या हातातली विद्या कुणी लिहून घेतली नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

मी जुने फिल्म कॅमेरे जमवते. पुण्यात बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, भंगारवाले, नातेवाइकांचे माळे, मिळेल तिथून. हा छंद असणाऱ्यांचं बहुतेक कपाट भरण्याकडे लक्ष असतं, पॉलिश करायचं, काचेमागे ठेवायचं, फोटो टाकायचा. काका, तुम्ही माझा पहिला कॅमेरा हातात घेतला, पुसलासुद्धा नाहीत, मागचं झाकण उघडून कानाला लावलात आणि वेग एक सेकंदावर ठेवून शटर दाबलंत. आतून घड्याळासारखा बारीक कुर्रर्र आवाज आला आणि मग म्हणालात, "जित्ता हाय. ह्याला चालता ठेव पोरी, न्हाईतर घेऊ नको." माझा सगळा संग्रह त्या एका वाक्यावर उभा आहे आणि यासाठीच मुळात हे पत्र.

इलेक्ट्रो ३५ चं तर सगळं शिक्षण तुमचंच. याशिकाने हा कॅमेरा १९६६ मध्ये काढला, ४५ एमएमची एफ १.७ लेन्स, आपल्याकडे अजूनही बऱ्याच घरांत पडलेला सापडतो, आणि ज्याच्याकडे असतो तो म्हणतो चालू आहे कारण शटर तर पडतंय. पण बॅटरी नसली तरी त्याचं शटर पडतंच, फक्त प्रत्येक वेळी सेकंदाच्या १/५०० वेगावर पडतं, हे तुम्ही सांगेपर्यंत मला कुणीच सांगितलं नव्हतं. आणि तो "टक"! फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर फिरवताना आतून टक असा जाड आवाज यायला हवा, नाही आला तर आतला रबराचा बारकासा तुकडा विरघळलाय आणि आता एक्सपोजरचा, म्हणजे फिल्मवर किती उजेड पडेल त्याचा, भरवसा नाही. माझ्या कॅमेऱ्यात तो तुकडा काळ्या चिकट डांबरासारखा झाला होता. तुम्ही तो टूथपिकने खरवडून काढलात, नवीन रबर ब्लेडने कापलं, जाड झालं म्हणून परत कापलं, परत लावून बघितलं, चष्मा कपाळावर आणि कॅमेरा नाकाला टेकलेला. अख्खी दुपार गेली. मी पैसे विचारले तर म्हणालात रोल आण आधी, फोटो बघू, मग पैशाचं.

बॅटरीचंही तसंच. याशिका मॅट १२४ जी या कॅमेऱ्यातलं उजेड मोजायचं मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचं, ते सेल आता बनतच नाहीत. लोक दीड व्होल्टचा अल्कलाइन टाकतात आणि मीटर खोटं बोलायला लागतं, आहे त्यापेक्षा जास्त उजेड दाखवतं, फोटो काळपट येतात आणि मग बिचाऱ्या कॅमेऱ्यालाच नावं ठेवतात. तुम्ही मला सरळ कानाच्या मशीनच्या दुकानात पाठवलंत, ६७५ नंबरचा सेल आण म्हणून. तो १.४ चा असतो, आकाराने थोडा बारीक म्हणून भोवती रबरी रिंग. स्टिकर काढला की तो हवेने सुरू होतो आणि मग काही आठवड्यांतच संपतो, त्यामुळे फोटो काढायला जायच्या दिवशीच स्टिकर काढायचा. दुकानदाराने विचारलं आजी की आजोबा, मी म्हटलं कॅमेरा, त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

पावसाळ्याबद्दल तर तुमचे उपकार फेडता येणार नाहीत. जूनपासून आपल्याकडे जी दमट हवा सुटते त्यात लेन्सवर बुरशी येते, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे, आणि एकदा तिने काचेवरचं कोटिंग खाल्लं की पुसून काही होत नाही. कातडी केस मी जपून ठेवायचे कारण ती दिसायला सुंदर. तुम्ही पहिल्यांदा केसच बाजूला केलीत, ती ओल धरते म्हणून. आता केस वेगळ्या खोक्यात, कॅमेरे घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत, आणि ऊन पडलं की लेन्स उघडून थोडा वेळ उजेडात.

आणि ते कोडॅकचं ब्राउनी, माझा आणखी एक जुना कॅमेरा. त्याला ६२० चा रोल लागतो आणि कोडॅकने तो १९९५ मध्ये बंद केला. मी तर ते शोपीसच समजून चालले होते. फिल्म तीच असते गं, फक्त रीळ बारीक असतं, असं म्हणून तुम्ही उजेड न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत दोन्ही हात घालून, डोळे मिटून, १२० चा रोल ६२० च्या रिळावर गुंडाळून दिलात. त्या वयात हात थरथरत असताना. मग मलाही तसंच करायला लावलंत, जमेपर्यंत उठू दिलं नाहीत. आता मला जमतं काका, डोळे उघडे ठेवूनसुद्धा.

यंदा दुकान बंद करताना तुम्ही सुट्या भागांचा तो पत्र्याचा डबा मला दिलात. एकजण चांगले पैसे देऊन घेऊन जाणार होता हे मला नंतर कळलं. डब्यात स्क्रू आहेत, स्प्रिंगा आहेत, बडोद्याला बनलेल्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याची दोन बटणं आहेत आणि उटीच्या कारखान्यातल्या इंदू फिल्मची रिकामी खोकी, जी तुम्ही का जपली होतीत ते मी विचारलं नाही. प्रत्येक पुडीवर तुमच्या अक्षरात कुठल्या मॉडेलचं ते लिहिलंय. मी ते सगळं एका वहीत उतरवून काढतेय, काही शब्द लागत नाहीयेत, त्यासाठी पुढच्या महिन्यात येणार आहे, दोन दिवस राहायला. वही तयार झाली की ज्याला हवी त्याला मिळेल, तुम्ही माझ्यापासून काही लपवलं नाहीत तर मी का लपवू.

क्लिक थ्री चालू झालाय, बारापैकी अकरा फोटो स्वच्छ आलेत. प्रिंट घेऊन येते. काकूंना नमस्कार, आणि गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
कॅमेरेवाली पोरगी