रेकॉर्डिंग आमचं, कुलूप कंपनीचं

प्रति,
मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री,
नवी दिल्ली

महोदय, स. न. वि. वि.

टीव्हीवर लागलेला कार्यक्रम घरच्या घरी, स्वतःपुरता रेकॉर्ड करणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 39 तसं सरळ सांगतं. रेकॉर्डिंग करणाऱ्याच्या खासगी वापरासाठी असेल, तर वाहिनीच्या हक्काचा भंग होत नाही. 2012 च्या दुरुस्तीने कलम 52 मधली खासगी वापराची सवलतही चित्रपट आणि ध्वनिमुद्रणांपर्यंत नेली. म्हणजे कायद्याबद्दल माझं रडगाणं नाही. तक्रार आहे ती टीव्हीखालच्या सेट-टॉप बॉक्सची. आणि तो बॉक्स सरकारच्या सक्तीने घरात आला, म्हणून पत्र तुम्हाला.

पूर्वी केबलची वायर व्हीसीआरमध्ये खुपसली, कोरी कॅसेट घातली, की काम झालं. 2011 मध्ये केबल कायदा बदलला. 2012 च्या नोव्हेंबरपासून मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुणे, नागपूर, नाशिक, सोलापुरात बॉक्सशिवाय चित्र दिसेनासं झालं. चित्र स्वच्छ झालं, वाहिन्या वाढल्या, हे मान्य. पण प्रक्षेपण सांकेतिक, म्हणजे कुलूपबंद झालं आणि किल्ली कंपनीच्या खिशात गेली. कलम 39 मात्र जागच्या जागी आहे. हक्क कागदावर शाबूत राहिला आणि वापरायची सोय तेवढी निघून गेली.

आमच्या घरातलंच सांगतो. आषाढी एकादशीची पंढरपूरची शासकीय महापूजा रात्री दोननंतर होते, सह्याद्रीवर थेट दाखवतात. आईला आता जागरण झेपत नाही. सकाळी आंघोळ करून, तुळशीला पाणी घालून ती टीव्हीपुढे बसते. म्हणून रेकॉर्डिंगवाला बॉक्स घेतला, त्याचे जादा पैसे भरले, हार्ड डिस्क दुकानातून वेगळी आणली. काही वर्षांच्या पूजा, तिच्या भाचीच्या भजनी मंडळाचा एक कार्यक्रम, असं बरंच साठलं. मध्येच एकदा रिचार्ज करायचा राहिला, तर साठवलेलंही दिसेना. मग बॉक्स बिघडला. कंपनीचा माणूस आला, नवा बसवून जुना घेऊन गेला. डिस्क नव्याला लावली तर पडद्यावर एकच प्रश्न : फॉर्मॅट करायची का?

कारण तांत्रिक आणि साधं आहे. असा बॉक्स रेकॉर्डिंग साठवताना स्वतःच्या किल्लीने ते बंद करतो. बॉक्स गेला की किल्ली गेली, डिस्कवर उरतो तो नुसता कचरा. लॅपटॉपला लावूनही काही हाती लागत नाही. गंमत अशी, की तीच सह्याद्री वाहिनी दूरदर्शनच्या फ्री डिश या मोफत सेवेवर फुकट दिसते आणि तिथले कितीतरी स्वस्त बॉक्स पेन ड्राइव्हवर बिनबोभाट रेकॉर्ड करून देतात. फुकट बघणाऱ्याला मोकळीक आणि महिन्याला पैसे मोजणाऱ्याला कुलूप!

यावर कार्यक्रमांच्या चोरीचं कारण पुढे येईल. चोरी करणारे पहाटेच्या पूजेवर टपलेले नसतात, आणि सिनेमे कुठून कसे बाहेर येतात हे तुमच्या खात्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. शिवाय कायद्याने हा फरक आधीच केला आहे. कलम 65 अ नुसार हक्कभंगाच्या हेतूने कुलूप फोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी मात्र ते फोडायला आडकाठी नाही. फक्त त्यात मदत करणाऱ्याने मदत घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि प्रयोजन लिहून ठेवायचं. आता आमच्या गल्लीतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याने वही उघडून आईच्या नावापुढे ‘प्रयोजन : रात्रीची पूजा सकाळी पाहणे’ असं लिहायचं का? आणि लिहिलं तरी किल्ली त्याच्याकडे आहे कुठे!

अमेरिकेत हा वाद 1984 मध्येच मिटला. सिनेमा स्टुडिओंनी बेटामॅक्स या व्हिडिओ रेकॉर्डरवरून सोनी कंपनीवर खटला भरला होता. पाच विरुद्ध चार मतांनी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की पुढे सवडीने पाहण्यासाठी घरी रेकॉर्ड करणं हा न्याय्य वापर आहे.

‘सगळं अ‍ॅपवर मिळतं’ हे उत्तरही नको. मालिका मिळतात, तेही करार संपेपर्यंत. जिल्ह्याच्या बातम्या, एखाद्या मंडळाचं भजन, शेतीवरची चर्चा कोण वर्षानुवर्षं ठेवतो? खुद्द बीबीसीने साठच्या दशकातल्या टेपा पुसून टाकल्या. तिच्या एका गाजलेल्या मालिकेच्या हरवलेल्या भागांचे आवाज आज ऐकायला मिळतात, ते प्रेक्षकांनी घरी टेप करून ठेवले होते म्हणून.

कॉपीराइट कायदा वाणिज्य मंत्रालयाकडे आहे, याची कल्पना आहे. त्याला हात लावायची गरजच नाही. डीटीएचचे परवाने आणि केबलचे नियम तुमच्याकडे आहेत. कंपनी बदलली तरी बॉक्स तोच चालावा, अशी शिफारस ट्राय या दूरसंचार नियामकाने 2020 मध्ये केली होती. ती बाहेर काढा आणि तिला एक कलम जोडा : ग्राहकाने केलेलं रेकॉर्डिंग रिचार्ज संपला तरी दिसलं पाहिजे, आणि बॉक्स बदलला तर नव्यावर चाललं पाहिजे. पैसे देऊन घेतलेल्या वाहिन्यांबद्दल कंपन्या कुरकुर करतील, त्यावर बोलणी होऊ द्या. पण निदान दूरदर्शनच्या वाहिन्यांवरचं रेकॉर्डिंग तरी कुलपाविना साठवू द्या, त्या जनतेच्या पैशावर चालतात. आणि हे होईपर्यंत ‘या बॉक्सवरचं रेकॉर्डिंग दुसरीकडे चालणार नाही’ हे खोक्यावर मराठीत, ठळक छापायला लावा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूची माहिती मिळण्याचा हक्क दिलाच आहे.

नवा बॉक्स पुन्हा डिस्क मागतो आहे. जुनी मी अजून फॉर्मॅट केलेली नाही.

कळावे,
आपला,
सातारा जिल्ह्यातला एक वर्गणीदार